अनुभव धागा : पेट्रोल महाग का, आणि ते उतरेल कशाने?

पाकणीच्या डेपोत मुंबईहून पाइपलाइनने येणारे पेट्रोल आपल्या टाकीत पडेपर्यंत त्याच्या किमतीत काय काय मिळत जाते, याविषयी सोलापूरकरांनी स्वतःचे अनुभव लिहावेत, ही विनंती. आरंभ मी करतो. एप्रिल 2020 मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले, तेव्हा पेट्रोल स्वस्त होणार असे मी घरी खात्रीने सांगितले होते. परंतु मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी वाढवून 32.98 रुपये केले आणि ती स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचलीच नाही. तेव्हापासून मी बॅरलच्या भावाआधी कराचा आकडा पाहतो.

मंद्रूप भागातून, द्राक्ष बागायतदार

नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे शुल्क 5 रुपयांनी उतरवले, त्यावर कर्नाटकाने स्वतःचा कर आणखी 7 रुपयांनी कमी केला, आणि आपल्या राज्याची 5 रुपयांची कपात मात्र जुलै 2022 मध्ये आली. मधल्या महिन्यांत मी भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या धूळखेडच्या बाजूला टाकी भरत असे. नदीच्या दोन्ही काठांना कच्चे तेल आणि डॉलर एकच होते, फरक फक्त राज्याच्या कराचा होता. पंपवाल्याशी हुज्जत घालणे मी तेव्हापासून सोडले.

पूर्व भागातून, टॉवेल विक्रेता

दुचाकीवर गठ्ठा बांधून मी मोहोळ, बार्शीपर्यंत फिरतो. पेट्रोल वाढले म्हणून गिऱ्हाईक टॉवेलला दोन रुपये जास्त देत नाही, म्हणून मी फेऱ्याच कमी केल्या.

निवृत्त लेखापाल, सोलापूर शहर

2015 मध्ये दुष्काळासाठी राज्याने लिटरमागे 2 रुपये अधिभार लावला. जिल्हा आपलाच होरपळत होता, म्हणून तो मी मनापासून भरला. पुढे मात्र दुष्काळ सरला तरी टक्केवारीच्या करावर अशी ठरावीक रक्कम कमीअधिक आकड्याने चालूच राहिली. शिवाय 2014 मध्ये साधारण 60 रुपयांना मिळणारा डॉलर 2024 अखेरीस 85 च्या आसपास गेला, आणि आपण बहुतेक तेल आयात करतो. पेट्रोल जीएसटीत आणावे असे माझे मत आहे, पण त्यासाठी केंद्र आणि राज्य या दोघांनाही आपल्या उत्पन्नाचा काही भाग सोडावा लागेल.

माळशिरस तालुक्यातून, ऊस उत्पादक

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे उसाला आधार मिळाला, हे मी कृतज्ञतेने मानतो. मात्र त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. 20 टक्के मिश्रणाने माझ्या गाडीचे ॲव्हरेज घटले, आणि पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरलेला मला दिसला नाही.