मालकीचा साग तोडण्याच्या परवानगीबाबत मदत हवी आहे

बांधकरी
वडिलांनी शेताच्या बांधावर लावलेला साग आता तोडणीला आला आहे, व्यापारीही तयार आहे आणि मुलीच्या प्रवेशासाठी मला जूनच्या आत पैसे हवे आहेत. तलाठी म्हणतात, वनखात्यात जा. वनखाते म्हणते, आधी सातबारा नीट करून आणा. एकीकडे सरकार रोपे वाटते आणि लावलेले झाड तोडायचे म्हटले की शेतकऱ्याकडेच संशयाने पाहते. परवानगी नेमकी कोण देतो, एवढेच कृपया सांगावे.

सातबारावाचक
जिल्हा कोणता, जमीन भोगवटादार वर्ग एक (विक्रीवर बंधन नसलेली) की दोन (बंधन असलेली), झाडांची नोंद आहे का, हे न सांगता उत्तर कसे देणार? साग 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे झाड स्वतःचे असले तरी वृक्ष अधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते. खातेदार अनुसूचित जमातीचा असेल, तर 1969 चा वेगळा कायदा लागू होतो आणि झाडे व्यापाऱ्याला परस्पर विकता येत नाहीत.

वेळूबन
सागाचा नाद सोडा आणि बांबू लावा. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे ही कटकटच उरली नाही.

रानवाट
त्यांचा साग उभा आहे आणि पैसे जूनमध्ये हवे आहेत, तिथे आज लावलेला बांबू काय कामाचा? शिवाय बांबू घेणार कोण? कारखान्यांनी शेतकऱ्यांशी थेट नाते जोडावे, त्यांना कर्ज, सल्ला आणि तोडणी-वाहतुकीची मदत द्यावी, असे 1988 च्या राष्ट्रीय वननीतीत स्पष्ट लिहिले आहे; आमच्या भागात तरी असा कारखानदार अजून फिरकलेला नाही.

फळबागायत
भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून आंबा किंवा चिंच लावता येईल. अनुदान मिळते.

रानवाट
आंबा आणि चिंचही त्याच अनुसूचीत आहेत, हेही सांगा की!

बांधकरी
जिल्हा चंद्रपूर, वर्ग एक, आम्ही अनुसूचित जमातीचे नाही. सातबारा वडिलांच्या नावावर असून झाडांची नोंद नाही. पूर्वेचा बांध राखीव जंगलाला लागून आहे, पण साग आमचाच आहे, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही.

सातबारावाचक
सगळा संबंध त्याचाच आहे. हद्द ठरल्याशिवाय त्या बांधावरचा साग तुमचा की जंगलाचा, हे कोणीही लिहून देणार नाही, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात आजच द्रुतगती, म्हणजे लवकर होणाऱ्या, मोजणीचा अर्ज करा आणि वनखात्याच्या माणसाला मोजणीला हजर राहायला लेखी कळवा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून पिकांची नोंद करायच्या ॲपमध्ये, बांधावरच्या झाडांसाठी वेगळा पर्याय आहे, तिथून नोंदीला सुरुवात करा. परवानगीचा अर्ज मात्र वडिलांच्याच सहीने जायला हवा. त्यानंतर झाडागणिक छातीच्या उंचीवर घेर मोजून यादी होते, आणि तोडलेल्या मालावर हातोड्याचा शिक्का बसून वाहतूक परवाना मिळेपर्यंत एक ओंडकाही शेताबाहेर काढू नका.

वेळूबन
एवढे सोपस्कार असतील तर साग लावायचाच कोणी? तोड आणि वाहतुकीचे नियम हाच मोठा अडथळा आहे, हे 2014 च्या राष्ट्रीय कृषिवानिकी (शेतीसोबत झाडे वाढवण्याच्या) धोरणानेही मान्य केले आहे.

रानवाट
मान्य, पण जंगलाला लागून असलेल्या गावात शिक्का आणि परवाना उठवला, तर राखीव जंगलातला साग रातोरात मालकीचा होऊन बाहेर पडेल. जंगलापासून दूरच्या तालुक्यांत सूट द्यावी. चंद्रपुरात सरसकट नको.

बांधकरी
मोजणीचा अर्ज देतो. व्यापारी म्हणतो, कागदपत्रांचे सगळे मी पाहतो, फक्त कोऱ्या अर्जावर वडिलांची सही द्या आणि भाव निम्मा धरा.

सातबारावाचक
कोऱ्या कागदावर सही मुळीच देऊ नका. त्या अर्जावर तुमचा गट क्रमांक घालून दुसरीकडचे लाकूड निघाले, तर चौकशीला वडिलांनाच बोलावतील. त्याच्याकडून इसार घ्या, उरलेला व्यवहार घेराच्या यादीवरच ठरवा, आणि प्रवेशाचे पैसे जूनपर्यंत यातूनच सुटतील असे धरून चालू नका.