मालिकांमधील घरे नेमकी कुठे असतात आणि रोजचा भाग चित्रित कसा होतो?

मुक्ता_ठाणे

नमस्कार. सासूबाईंच्या सोबतीने मी रोज दोन मराठी मालिका पाहते आणि कथेपेक्षा माझे लक्ष आता त्यांतील घरांकडे अधिक जाऊ लागले आहे. बंगल्याचे फाटक आणि दर्शनी भाग क्षणभर दिसतो, पात्र दार उघडून आत येते, आणि आतला दिवाणखाना त्या बंगल्यात मावणारच नाही इतका प्रशस्त निघतो. स्वयंपाकघराला खिडकी असली तरी तिच्यातून रस्ता किंवा शेजारची इमारत कधी दिसत नाही. घरातली आठ माणसे बोलायला जमली की अर्धवर्तुळात, साधारण एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात. याउलट कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मालिकांतील वाडा, गोठा आणि शेताचा बांध हे सारे खरे वाटते.

ही घरे खरी असतात की उभारलेली, ती कुठे असतात, आणि आठवड्याला सहा भाग पुरवणे कसे जमते, हे ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे. कोणत्या कलाकाराचे कोणाशी बिनसले आहे, यात मला रस नाही.

नेपथ्य

मी काही वर्षे मालिकांच्या दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून काम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमचा संशय रास्त आहे. बाहेरचा बंगला आणि आतले घर या बहुतेक वेळा दोन वेगळ्या जागा असतात. बाहेरची दृश्ये मढ बेटावर, ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात किंवा अन्य एखाद्या भाड्याच्या बंगल्यावर एकदाच भरपूर चित्रित करून ठेवतात: सकाळ, दुपार, रात्री दिवे लागलेले, पाऊस पडत असलेला. पुढे महिनोन्महिने तेच तुकडे संकलनात वापरले जातात. आतले घर हा मात्र फ्लोअरवर, म्हणजे चित्रीकरणाच्या मोठ्या बंदिस्त दालनात, प्लायवूड आणि लाकडी चौकटींतून उभारलेला सेट असतो. त्याला छत नसते, कारण दिवे वरून लावायचे असतात. आणि काही भिंती काढता येतील अशा ठेवतात, कारण कॅमेरा मागे न्यायला जागा हवी असते. दिवाणखाना प्रशस्त दिसतो याचे कारण श्रीमंती दाखवण्याची हौस एवढेच नाही. दोन-तीन कॅमेरे, ट्रॉली, ध्वनिमुद्रकाचा बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि वीस-पंचवीस माणसे त्याच खोलीत, फक्त कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, उभी असतात. खिडकीबाहेर पडदा किंवा कृत्रिम झाडे लावून मागून दिवा सोडला की दिवस होतो आणि निळसर दिवा सोडला की रात्र होते. दुपारी दोन वाजता रात्रीच्या जेवणाचे दृश्य करणे ही तिथली रोजची गोष्ट आहे.

असे फ्लोअर कुठे आहेत, तर सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे गोरेगाव पूर्वेची दादासाहेब फाळके चित्रनगरी. राज्य शासनाने ती १९७७ साली उभारली आणि सुमारे ५२० एकरांचा तो परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्यामुळे तिथे बिबट्याचे येणे-जाणे असते. जुलै २०२३ मध्ये एका मराठी मालिकेच्या चालू सेटवर बिबट्या शिरल्याची बातमी आपण वाचली असेल. मात्र सगळ्या मालिका तिथेच होतात हा समज चुकीचा आहे. मीरा रोड, काशीमिरा आणि वसई तालुक्यातील नायगाव या पट्ट्यात मोठमोठ्या शेडमध्ये सेट लागलेले असतात, कारण वर्षानुवर्षे सेट उभा ठेवायचा तर शहराच्या मध्यवर्ती भागातील भाडे परवडत नाही. पौराणिक मालिकांची वाट तर आणखी उत्तरेला, पालघर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे गुजरातमधील उमरगावपर्यंत जाते. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चे चित्रीकरण तिथेच झाले होते.

आता अर्धवर्तुळाबद्दल. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा चित्रित मजकूर लागतो, आणि युनिटने, म्हणजे चित्रीकरणाच्या चमूने, बारा तासांच्या एका पाळीत जवळजवळ तेवढा मजकूर तयार करावा अशी अपेक्षा असते. चित्रपटात एवढ्या वेळात दोन-तीन मिनिटे झाली तरी समाधान मानतात. म्हणून मालिकेत आधी मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसतील असे पूर्ण दृश्य, घेतात आणि मग एकेकाचे क्लोजअप. सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असले की प्रकाशयोजना एकदाच करावी लागते. माणसे खोलीभर विखुरली की कॅमेरा उलट्या दिशेला फिरवावा लागतो, त्यासाठी सगळे दिवे हलवावे लागतात, आणि त्यात पाऊण तास गेला की त्या दिवशीचे एक दृश्य कमी होते. प्रत्येकाचा थक्क झालेला चेहरा आळीपाळीने दिसतो, त्यालाही हेच व्यवहारी कारण आहे: मजकूर कमी पडला तर या प्रतिक्रिया संकलकाला भागाची लांबी भरून देतात. मला स्वतःला ही सवय आवडत नसे, परंतु रात्री नऊला पॅकअप करायचे, म्हणजे काम आटोपायचे असेल तर दुसरा मार्ग फारसा सापडत नाही.

दृश्ये भागांच्या क्रमाने होत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. चार भागांतील स्वयंपाकघराची सगळी दृश्ये एका सकाळी उरकतात, कारण त्या अभिनेत्रीला दुपारी नाटकाच्या प्रयोगासाठी निघायचे असते. त्यामुळे मंगळसूत्र कोणते, हातात बांगड्या किती, पदर कोणत्या खांद्यावर, याची छायाचित्रे काढून नोंद ठेवणे हे माझ्यासारख्या सहायकाचे मुख्य काम होते.

करवीरकर

वरील माहितीला आमच्या भागाची जोड देतो. कोल्हापूरजवळ मोरेवाडीला शासनाची चित्रनगरी आहे आणि तिथेही मालिकांचे काम होते, परंतु लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या खऱ्या गावांत झालेल्या मालिका. ‘तुझ्यात जीव रंगला’चा वाडा करवीर तालुक्यातील वसगडे या गावातला, आणि ‘रात्रीस खेळ चाले’चे घर कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावरील आकेरीचे. दोन्ही ठिकाणी पुढे पर्यटक येऊ लागले, वाड्यासमोर छायाचित्रे काढू लागले, आणि राहत्या माणसांच्या दारात रोज अनोळखी लोक उभे राहू लागले. याचे कौतुक बाहेरच्यांना असते; गावाची भावना संमिश्र असते.

खऱ्या वाड्यात काम करणे दिसते तितके सोपे नाही. खोल्या लहान, खांब अधिक आणि छत खाली, त्यामुळे दिवे लावायला जागा नसते. जनरेटरची गाडी आवाजामुळे लांब उभी करून तिथून तारा ओढत आणाव्या लागतात. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होत असल्याने ट्रॅक्टर, देवळाचा भोंगा किंवा शेजारच्या लग्नातली हलगी सुरू झाली की सगळे हात बांधून थांबतात. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की आतले दृश्यही बंद पडते. ऊसपट्ट्यातील खास अडचण अशी की मागे उभा ऊस दिसेल असे अर्धे दृश्य झालेले असते, आणि उरलेले अर्धे घ्यायला युनिट परत येते तोवर गळीत हंगाम सुरू होऊन फड मोकळा झालेला असतो. शेतकऱ्याने तोडणीची टोळी मालिकेसाठी थांबवावी, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही.

तरीही निर्माते येतात, याचे माझ्या मते खरे कारण निसर्ग नसून माणसे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत राज्य नाट्य स्पर्धेतून तयार झालेले कलाकार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना बोली शिकवावी लागत नाही, आणि मुंबईत जाऊन खोली भाड्याने घेण्याचे ओझे न उचलता त्यांनाही काम मिळते. मुंबईच्या सेटवर ‘गावाकडची’ म्हणून ऐकू येणारी भाषा कानाला का खटकते, याचे उत्तर इथे आहे.

रोजमेळ

मी निर्मितीच्या हिशेबाची बाजू सांगतो, कारण जागेचा निर्णय शेवटी तिथे होतो. वाहिनी निर्मात्याला दर भागामागे ठरलेली रक्कम देते. फ्लोअरचे भाडे, कलाकारांचे मानधन, तंत्रज्ञ, कॅमेरे, कपडे आणि जेवण हे सारे त्यातून भागवायचे असते. मुंबईत पॅकअप झाल्यावर माणसे आपापल्या घरी जातात. वाई किंवा कोल्हापूरला युनिट नेले की राहण्याचा, दोन वेळच्या जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च वाढतो. तो तिथल्या स्वस्त जागेतून आणि स्थानिक कलाकारांतून भरून निघाला तरच गणित जुळते. म्हणून अनेक ग्रामीण मालिकांत सुरुवातीचे भाग गावात होतात आणि पुढे तोच वाडा मुंबईच्या फ्लोअरवर उभा राहतो. जाणकार प्रेक्षकाला अंगणातला प्रकाश बदललेला लगेच जाणवतो. शिवाय वाहिनीचे पैसे हाती येण्यास वेळ लागत असल्याने या व्यवसायात कलाकारांना मानधन सुमारे तीन महिन्यांनी मिळण्याची प्रथा रुजली आहे, आणि ती मला अन्यायकारक वाटते.

जागा बदलल्याने मालिकेचे काय होते, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वांनी पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरणाला बंदी आल्यावर मराठी मालिका गोवा, बेळगाव, दमण, सिल्व्हासा अशा ठिकाणी गेल्या. सेट सोबत नेता येत नसल्याने लेखकांनी घाईघाईने सहली, लग्ने आणि अज्ञातवास लिहिले, आणि सगळी कुटुंबे अचानक एखाद्या रिसॉर्टवर दिसू लागली. मे महिन्याच्या आरंभी गोव्यानेही चित्रीकरण थांबवल्यावर तिथल्या युनिटना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. घराचा सेट हा मालिकेचा किती मोठा आधार असतो, हे त्या दोन महिन्यांत वाहिन्यांनाही कळले असावे.

मुक्ता_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. गणेशोत्सव असो वा दिवाळी, मालिकेतही तो सण त्याच दिवशी येतो. मग हे भाग किती आधी तयार होतात?

नेपथ्य

सुरळीत चाललेल्या मालिकेचे सात-आठ भाग हाताशी असावेत असे सर्वांना वाटते, आणि त्याला आम्ही बँक म्हणतो. प्रत्यक्षात दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात, त्यावरून वाहिनी कथानक वळवते, लिहून झालेली दृश्ये बाद होतात आणि बँक दोन-तीन भागांवर येते. काही वेळा सकाळी चित्रित झालेला प्रसंग त्याच रात्री प्रक्षेपित होतो. अशा दिवशी संकलकाकडे दृश्ये एकेक करून पाठवावी लागतात आणि लेखकाकडून संवाद सेटवर फोनवर येतात.

सणांचे भाग मात्र शक्यतो आधीच उरकतात, कारण सणाच्या दिवशी तंत्रज्ञांनाही घरी जायचे असते. गणपतीचे दृश्य चतुर्थीच्या आठवडाभर आधी होते, म्हणून मूर्तिकाराला सेटची मूर्ती सर्वांत आधी रंगवून देण्याची विनंती करावी लागते. आरतीचे दृश्य दोन दिवस चालले तर दुसऱ्या दिवशी तशीच फुले आणि उकडीचे तेवढेच मोदक पुन्हा आणावे लागतात. आदल्या दिवशीचे मोदक पॅकअपनंतर युनिटमध्ये संपलेले असतात.