आषाढीच्या महापूजेचे रेकॉर्डिंग मध्येच थांबले; कार्तिकीपूर्वी काय दुरुस्त करावे?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. माझे आईवडील कराडजवळच्या एका खेड्यात राहतात. घरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे आणि यूएसबी पोर्ट व रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स मी गेल्या वर्षी बाजारातून आणून दिला. आईने सलग 22 वर्षे पायी वारी केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपूरला होणारी शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवरून रेकॉर्ड करून ठेवायची आणि दुपारी फराळाचे आटोपल्यावर आळीतल्या बायकांना बोलावून सगळ्यांनी मिळून बघायची, असा तिचा बेत होता. गावात मोबाइलची रेंज इतकी कमी आहे की इंटरनेटवरून एवढा मोठा व्हिडिओ बघणे शक्यच होत नाही.

सुरुवातीला मी 1 टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली. तिचा दिवा लागतो, आतून टक्‌टक् असा आवाज येतो आणि काही सेकंदांत पडद्यावरून तिचे नाव नाहीसे होते. लॅपटॉपला जोडली की तीच डिस्क व्यवस्थित चालते. दुकानदाराला विचारले तेव्हा त्यांनी डिस्कच खराब असल्याचे सांगितले आणि 64 जीबीचा पेन ड्राइव्ह दिला, जो बॉक्सने स्वतःच फॉरमॅट करून घेतला. त्यावर रात्री 1 ते पहाटे 5 असा टायमर लावला. रेकॉर्डिंग वेळेवर सुरू झाले, पण 2 तास 13 मिनिटांनी थांबले. विठ्ठलाची पूजा मिळाली. रुक्मिणीमातेची पूजा आणि मानाच्या वारकऱ्यांचा सत्कार मात्र गेला. पेन ड्राइव्हमध्ये जागा भरपूर शिल्लक होती. त्यातच बाहेर पाऊस असल्याने सहा-सात ठिकाणी चित्र फुटले आहे.

आई काही बोलली नाही, पण बायका उठून गेल्यावर तिने ते रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावले आणि जिथे थांबते तिथपर्यंत एकटीने पाहिले. कार्तिकीची पूजा तिला पूर्ण मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दोष नेमका कशात आहे: बॉक्समध्ये, पेन ड्राइव्हमध्ये की छत्रीत? नवा बॉक्स घ्यावा लागला तरी माझी तयारी आहे.

उत्तर: तारायंत्र

नमस्कार ताई. आपण 2 तास 13 मिनिटे हा आकडा नेमका लिहिला, हे फार चांगले केले. आता एवढेच करा: पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्या फाइलचा आकार पाहा. तो 3.99 किंवा 4 जीबी दिसला, तर बॉक्स खराब नाही आणि पेन ड्राइव्हही खराब नाही, असे समजा.

कारण असे आहे. बॉक्सने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना बहुधा फॅट-32 ही पद्धत वापरली असणार. या पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते. मग पेन ड्राइव्ह 64 जीबीचा असो वा 1 टीबीचा. उपग्रहावरून जो प्रवाह येतो तो बॉक्स पुन्हा आवळून लहान करत नाही, जसाच्या तसा उतरवून ठेवतो. त्यामुळे फाइलचा आकार वाहिनीच्या प्रक्षेपणावरच ठरतो. आपल्या आकड्यावरून हिशेब केला, तर हा प्रवाह सेकंदाला साधारण 4.3 मेगाबिट, म्हणजे तासाला 1.8 जीबीच्या आसपास येतो, आणि साध्या चित्राच्या वाहिनीसाठी तो रास्त आहे. काही बॉक्स मर्यादा आली की आपोआप दुसरी फाइल सुरू करतात. आपला बॉक्स ते करत नसावा.

यावर उपाय दोन आहेत. पेन ड्राइव्हवरचे सगळे आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या, मग तो लॅपटॉपवर एनटीएफएस पद्धतीने (हिला 4 जीबीची मर्यादा नाही) फॉरमॅट करा आणि बॉक्सला लावून तीन तासांचे एक रेकॉर्डिंग करून पाहा. बॉक्सने पुन्हा फॉरमॅट करायचे का असे विचारले तर नाही म्हणा, कारण हो म्हटले की तो परत फॅट-32 करून टाकेल. बॉक्सला एनटीएफएस चाललेच नाही, तर एकच लांब टायमर लावण्याऐवजी 1 ते 3 आणि 3 ते 5 असे दोन टायमर लावा. प्रत्येक टायमरची फाइल वेगळी होते, त्यामुळे मर्यादा ओलांडली जात नाही. मध्ये फार तर काही सेकंद जातील.

हार्ड डिस्कचे म्हणाल, तर ती खराब आहे असे मला वाटत नाही. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअर एवढ्याच विजेची हमी असते, आणि पोर्टेबल डिस्कची तबकडी फिरायला लागताना तिला क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट वीज लागू शकते. ती मिळाली नाही की तबकडी फिरता फिरता थांबते, पुन्हा प्रयत्न करते आणि तोच टक्‌टक् आवाज आपल्याला ऐकू येतो. लॅपटॉपचा पोर्ट सहसा अधिक वीज देतो, म्हणून तिथे ती चालते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला तर बॉक्सवरही चालण्याची शक्यता आहे, पण काही बॉक्स हब ओळखत नाहीत, म्हणून दुकानात बॉक्स सोबत नेऊन तपासल्याशिवाय तो विकत घेऊ नका.

खरे तर आपल्या कामाला डिस्कची गरजच नाही. 64 जीबीत 30 तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावते आणि सेकंदाला अर्धा मेगाबाइट एवढे लिहिणे कोणत्याही पेन ड्राइव्हला जड नाही. मात्र चालू कार्यक्रम थांबवून पुढे बघण्याची जी सोय बॉक्समध्ये असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. ती चालू असली की टीव्ही बघत असताना बॉक्स पेन ड्राइव्हवर सतत लिहीत राहतो आणि पेन ड्राइव्ह लवकर झिजतो.

उत्तर: दोन केबलवाला

मी सशुल्क डीटीएच सेवेचा रेकॉर्डर बॉक्स बरीच वर्षे वापरला आहे, म्हणून नवा बॉक्स घेण्याच्या विचाराबद्दल लिहितो. अशा बॉक्समध्ये दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, असतात, त्यामुळे एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बघता येते. त्यासाठी छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) बसवून घरात दोन केबल आणाव्या लागतात. एकाच केबलला साधा स्प्लिटर लावून हे काम नीट होत नाही, कारण बॉक्स त्याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून एलएनबीला लहरींचे उभे की आडवे ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) हवे ते सांगतो आणि एलएनबी एका वेळी एकाचेच ऐकतो. पहाटे 2 वाजता आपल्या घरी दुसरी वाहिनी कोणी बघणार नसेल, तर हा खर्च करू नये असे माझे मत आहे.

दुसरे असे की सशुल्क सेवेचे रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद स्वरूपात साठते आणि त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बदलला की जुने रेकॉर्डिंग गेले. माझ्या मुलीच्या शाळेचा एका वाहिनीवर आलेला कार्यक्रम मी असाच गमावला, आणि त्याची खंत आजही आहे. आपल्या फ्री डिशच्या बॉक्सची फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडत असेल, तर तोच बॉक्स जपून वापरा. खासगी वापरासाठी असे रेकॉर्डिंग करायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 मध्ये मुभा आहे, त्यामुळे त्याबद्दल मनात शंका ठेवू नये.

उत्तर: जुना वायरमन

ताई, पावसाबद्दल मी लिहितो, कारण छत्र्या बसवण्यात माझी 15 वर्षे गेली आहेत.

फ्री डिश जीसॅट-15 या उपग्रहावरून येते, जो 93.5 अंश पूर्वेला आहे. कराडहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे 130 अंशांवर आणि क्षितिजापासून जवळपास 60 अंश उंच आहे. छत्रीकडे बघून मात्र हे कळत नाही, कारण आपल्या छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. त्यामुळे समोरचे झाड आड येत नाही असे वाटते, पण पावसाळ्यात वाढलेली वरची फांदी आडवी आलेली असते. आधी ते तपासा.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. पहिली सिग्नलची ताकद दाखवते आणि दुसरी त्याची गुणवत्ता. आपल्याला दुसरीकडे लक्ष द्यायचे आहे. ताकद 80 आणि गुणवत्ता 40 अशा घरांत कोरड्या दिवशी चित्र अगदी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण जोराची सर आली की ते फुटते. छत्रीवर येणाऱ्या कू बँड नावाच्या लहरी पावसात क्षीण होतात, आणि त्यासाठी आधीपासून थोडी शिल्लक हाताशी लागते. टीव्ही बघताना दोन सेकंद चित्र अडकले तर आपण विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते कायमचे राहते आणि काही बॉक्स तर सिग्नल तुटला की फाइलच बंद करतात.

निरभ्र दिवशी एकाने छतावर आणि एकाने टीव्हीसमोर, असे दोघांनी हे काम करावे. छत्री केसभर डावी-उजवी, मग वर-खाली करून गुणवत्तेचा आकडा सर्वांत जास्त मिळेल तिथे नट आवळावा. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून बघावा, कारण तिथेही बरेच सापडते. नट आवळताना आकडा घसरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा विचारून घ्यावा. त्यानंतर एलएनबीजवळचा कनेक्टर उघडून बघा. आतली तार काळी किंवा हिरवट झाली असेल, तर पाणी शिरले आहे. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा आणि केबलला खाली झुकलेला एक वेढा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. एवढे करूनही पावसात त्रास राहिला, तर 60 सेंटिमीटरऐवजी 90 सेंटिमीटरची छत्री घ्या; तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते.

सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी 11 च्या आसपास थोडी मिनिटे चित्र गेले, तर छत्रीला हात लावू नका. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तो आपोआप पुढे सरकतो आणि चित्र परत येते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तारायंत्र, फाइलचा आकार 3.99 जीबीच निघाला. पेन ड्राइव्ह एनटीएफएस करून लावला आणि परवा रात्री तीन तासांचे रेकॉर्डिंग केले. ते सलग झाले असून एकच 5.4 जीबीची फाइल तयार झाली आहे. हार्ड डिस्क आता लॅपटॉपवरून फाइली साठवण्यासाठी ठेवली आहे. आषाढीची अर्धी पूजाही त्यात सुरक्षित आहे.

वायरमनकाका, भाऊ छतावर गेला आणि मी खाली आकडे ओरडून सांगत होते. गुणवत्ता 46 होती, ती 63 पर्यंत गेली. मग कनेक्टर उघडला, तर आत खरोखरच हिरवट बुरशीसारखे जमले होते. तो बदलल्यावर आकडा 71 झाला. आता एकच प्रश्न उरला आहे. गावात रात्री वीज जाते. टायमरच्या वेळी वीज नसेल आणि नंतर आली, तर रेकॉर्डिंग सुरू होते का?

उत्तर: जुना वायरमन

ते बॉक्सवर अवलंबून आहे, म्हणून करूनच बघा. दहा मिनिटांनंतरचा टायमर लावा, प्लग काढा आणि टायमरची वेळ उलटून दोन मिनिटे झाली की परत घाला. काही बॉक्स जागे होऊन उरलेले रेकॉर्ड करतात, काही नुसते झोपून राहतात. आपला बॉक्स झोपत असेल, तर त्या रात्रीपुरता त्याला इन्व्हर्टरवर घ्या. बॉक्स आणि एलएनबी मिळून वीज फार थोडी खातात. टीव्ही बंदच असतो, त्यामुळे लहान बॅटरीसुद्धा पहाटेपर्यंत पुरते.

वीज जाऊन आल्यावर बॉक्सचे घड्याळही बघा. बॉक्स वेळ उपग्रहाकडूनच घेतो, पण सेटिंगमध्ये साडेपाच तासांचा फरक नोंदलेला नसेल, तर पहाटे 1 चा टायमर सकाळी साडेसहाला सुरू होईल. शिवाय आपण दशमीची रात्र म्हणतो, तरी 12 नंतर बॉक्ससाठी तारीख एकादशीची झालेली असते. टायमरमध्ये तीच तारीख घाला. ही चूक मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

कृष्णाकाठ

काका, प्लग काढून पाहिला. आमचा बॉक्स झोपूनच राहतो. भावाने संध्याकाळीच बॉक्सची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतली आणि घड्याळातला साडेपाच तासांचा फरकही बरोबर असल्याचे पाहिले. टायमर एकादशीच्या तारखेचा, 1 ते 5 असा लावला आहे आणि आईने कॅलेंडरवर त्या चौकोनात पेनाने त्याची वेळ लिहून ठेवली आहे.