म्हाताऱ्या मांजरीच्या उलट्या, रिपोर्ट नॉर्मल. मग आता काय?

जास्वंदी
जरा घाईत लिहितेय. आमची मनी सारखी ओकतेय. आधी कधीतरी व्हायचं, आता जवळजवळ रोज. खाण्याचं तंत्रही पार बिघडलंय. जंताचं औषध झालं, उलटीचं इंजेक्शन झालं, रक्त तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल आलेत. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, सोमवारीच भेटतील. तोवर काय करू? "डॉक्टरकडे न्या" असं कृपया लिहू नका, नेऊन झालंय. घरचे म्हणतात वय झालं तिचं. मला ते पटत नाही.

आजीचा_बटवा
केसांचा गोळा अडकलाय. बोटभर साजूक तूप जिभेला लावा, सरकून जाईल. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करतात.

किडनीवाला_बोका
वय किती? वजन किती? पाणी जास्त पिते का? शी-शूच्या मातीत मुताचे गोळे वाढलेत का? म्हाताऱ्या मांजरात पहिला संशय किडनीचा. माझा बोका त्यातच गेला, म्हणून सांगतोय. फॉस्फरस कमी असलेलं खाणं आजच सुरू करा.

निवांत_नाना
खात नसेल तर फार थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगानं जाड असलं, की चरबी यकृतात साठायला लागते आणि मग ते प्रकरण निस्तरणं कठीण. सुईशिवायची सिरिंज घ्या, उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून पातळ करा, गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडा. समोरून घशात मारू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. चिकन उकडताना कांदा-लसूण अजिबात नको, मांजराला ते विषच. कोमट द्या, वासानं भूक चाळवते. भूक लागायचं मलमही मिळतं, कानाच्या आत चोळायचं. डॉक्टरांना विचारा.

जास्वंदी
अहो नाना, खात नाही असं मी कुठे म्हटलं? खातेय! दिवसभर खातेय. पहाटे चारला उठून ओट्यापाशी बोंबलत बसते. परवा चक्क पोळी पळवली, जिनं आयुष्यात माशाशिवाय कशाला तोंड लावलं नाही तिनं. खाते, ओकते, परत वाटीपाशी हजर. वय 14.

किडनीवाला_बोका
मग हे आधी सांगायचं ना. वजन?

जास्वंदी
दिवाळीत दवाखान्यातल्या काट्यावर 4.6 किलो होतं. आता 3.3. पाणी पिते बऱ्यापैकी, पण उकाडा आहे म्हणून असेल.

वामकुक्षी
आमची चिंगी दूधपोळीवर 19 वर्षं जगली. कसले रिपोर्ट नि कसलं काय. हल्ली लाडच फार.

निवांत_नाना
तुमची चिंगी बाहेर जाऊन उंदीर-पाली खात असणार, श्रेय मात्र दूधपोळीला. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. उलट्या होत असताना तर नकोच.

वामकुक्षी
तुम्ही चिंगीला पाहिलं होतं का?

अनुस्वार
चिंगीला घटकाभर बाजूला ठेवू. जास्वंदीताई, भूक वाढली आणि वजन उतरलं हे दोन्ही एकत्र दिसलं की म्हाताऱ्या मांजरात आधी थायरॉइड आणि मधुमेह बघतात. आतड्याची जुनाट सूज किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) पण असू शकतो, पण तो शोध पुढचा. साखर आणि टी4 (थायरॉइडचं हार्मोन) तपासलंय का?

जास्वंदी
दोन्ही तपासलंय. नॉर्मल आहे, लिहिलंय मी वर.

अनुस्वार
आकडे टाका. शेजारी छापलेली रेंजही.

जास्वंदी
साखर 118. किडनीचं क्रिएटिनिन 1.3. यकृताचा एसजीपीटी तेवढा 196, त्याच्यापुढे बाण आहे, पण लॅबवाला म्हणाला जनावरांचा असतो जास्त. टी4 9.6, रेंज 4.5 ते 12. मधोमध आहे की!

अनुस्वार
ही लॅब माणसांची का?

जास्वंदी
हो. चिपळुणात मांजरांची वेगळी लॅब कुठून आणू? डॉक्टरच तिथे पाठवतात.

अनुस्वार
पाठवायला हरकत नाही, पण छापलेली रेंज माणसांची आहे. मांजराचा टी4 साधारण 1 ते 4 मध्ये असतो, काही लॅब वरची मर्यादा 4.7 पर्यंत धरतात. म्हणजे मनीचा दुपटीहून जास्त आलाय. डॉक्टरांच्या नजरेखालून रिपोर्ट गेला असता तर त्यांनी लगेच ओळखलं असतं, तुम्ही घरी कागदावरची रेंज वाचलीत. एसजीपीटीही यानंच चढतो. थायरॉइडच्या ग्रंथीवर गाठ येते, बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, पण हार्मोन सोडत राहते. मग भूक, धावपळ, रात्रीचं ओरडणं, उलट्या, छातीत धडधड. घाबरू नका, गोळ्यांनी आटोक्यात येतं. रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना आत्ता व्हॉट्सअॅप करा, सोमवारची वाट कशाला?

आजीचा_बटवा
थायरॉइडच ना? घरात कोणाची ना कोणाची गोळी असतेच. माझी सकाळची असते, त्यातली पाव द्यायची.

किडनीवाला_बोका
देऊ नका!!

अनुस्वार
अजिबात नाही. आपल्या घरोघरी असते ती थायरॉक्सिनची, हार्मोन कमी पडतो म्हणून वरून द्यायची. मनीच्या अंगात तोच जास्त झालाय. आणि विषय निघालाच आहे तर, पॅरासिटामॉलही मांजराला कधीच देऊ नये. एका गोळीनंही जीव जातो.

आजीचा_बटवा
चांगलं सांगायला गेलं तर असं. मी फक्त सुचवलं.

टोरांटोकर
गोळ्या म्हणजे जन्मभराची कटकट. आमच्या मांजरीला आयोडीन-131 चं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचं, एक इंजेक्शन दिलं, विषय संपला. थोडे दिवस त्यांच्याकडेच ठेवून घेतात, घरी आणल्यावरही तिची माती वेगळी टाकायची, एवढंच. तिकडे का करत नाहीत कळत नाही.

घाटावरचा
टोरांटोकर, आमच्याकडे तालुक्याचा दवाखाना म्हणजे म्हशीचं वेत आणि बैलाचं खूर. मांजर नेलं की कंपाउंडर हसतो. आयोडीन-131 म्हणे! जास्वंदीताई, हृदयाचा ठोका, रक्तदाब, सोनोग्राफी एकाच ठिकाणी बघायची असेल तर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नाहीतर मुंबईत परळला. कुंभार्ली घाटात मांजर ओकतं मात्र, निघण्याआधी पोटभर घालू नका.

सोसायटी_सेक्रेटरी
एकटेपणानंही मांजरं असं करतात. सोबतीला एक पिल्लू आणा. आमच्या पार्किंगमध्ये चार आहेत, कोणीही घेऊन जावं. सदस्यांच्या तक्रारी येतायत.

जास्वंदी
पिल्लू नको हो, आहे तिनंच झोप उडवलीय. डॉक्टरांचा फोन आला. अनुस्वार म्हणतात तेच निघालं. सोमवारी छाती तपासून, मानेत गाठ लागते का बघून, कमी डोसची कार्बिमाझोल (हा हार्मोन कमी करणारी गोळी) सुरू करू म्हणाले. तोवर थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यायचं. ओकलेल्यात रक्त दिसलं किंवा मलूल पडली तर थांबायचं नाही.

किडनीवाला_बोका
बरं झालं. पण किडनी मी सोडत नाही. थायरॉइड जोरात असतं तेव्हा किडनीतून रक्त जास्त वाहतं, त्यामुळे क्रिएटिनिन चांगलं दिसतं. शिवाय अंगावरचं मांस झडलं की ते आणखीनच कमी येतं. गोळी लागू पडली की खरा आकडा बाहेर येतो. 1.3 बघून निर्धास्त राहू नका. लघवीही तपासून घ्या.

अनुस्वार
या वेळी बोक्याशी सहमत.

जास्वंदी
सोमवारचं सांगते. मानेत गाठ हाताला लागली, ठोके फार जलद आहेत, रक्तदाबाचं यंत्र इथे नाही. गोळी लिहून दिलीय. पण भरवायची कशी? सोड्यात (सुकवलेल्या कोळंबीत) लपवली तर सोडा खाल्ला, गोळी ताटलीत. चुरडून घालू का?

घाटावरचा
टॉवेलात गुंडाळा आणि नवऱ्याला धरायला सांगा. ओरखडे त्याला.

निवांत_नाना
चुरडू नका, कडू लागली की पुढच्या वेळी मासाही हुंगणार नाही. डोकं वर, जबडा उघडा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवा आणि लगेच सिरिंजनं चमचाभर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते.

अनुस्वार
घरात कोणी गरोदर असेल तर तिनं ही गोळी उघड्या हातानं हाताळू नये. हातमोजे घालावेत.

जास्वंदी
जाऊबाई आहेत, सातवा लागलाय! हे कोणी सांगितलंच नव्हतं. मनीची माती पण त्याच काढतात.

अनुस्वार
ते काम आजच काढून घ्या. मातीचं तर गोळीशिवायही घ्यायला हवं होतं, मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा पोटातल्या बाळाला धोका असतो. जाऊबाईंच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

किडनीवाला_बोका
दोन-तीन आठवड्यांनी टी4 आणि क्रिएटिनिन पुन्हा, लॅब तीच चालेल, रेंज मात्र हातानं खोडून मांजराची लिहा. सुरुवातीला या गोळीनंही उलट्या होऊ शकतात. तोंड, कान रक्त येईस्तोवर खाजवायला लागली तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा.