ऑटिस्टिक असाल आणि काही खेळत असाल तर तुमचा अनुभव सांगा

आडवाट:
नमस्कार मंडळी. पुण्यात असतो, वय ३४, ऑटिझमचं निदान तिशीनंतर झालं. शाळेत पी.टी.च्या तासाला खो-खो असायचा. पळायला मी बऱ्यापैकी वेगवान होतो पण पाटीवर बसलं की वाट लागायची, शेजारचा उलट्या तोंडाने बसलेला, पाठीवर अचानक थाप बसते, कानाजवळ कोणीतरी खो म्हणून ओरडतं आणि त्याच क्षणी उठून दिशा पकडायची, एकदा पकडली की बदलायची नाही. थाप बसली की माझं अंगच गोठायचं. सर म्हणायचे आळशी आहे. क्रिकेटचं पण तसंच, स्कोअरकार्डं सगळी पाठ म्हणून मुलं टीममध्ये घ्यायची आणि मग कॅच आला की चिडायची.

आता ऑफिसचे लोक बॅडमिंटनला बोलावतात. डबल्स. हॉलमध्ये बुटांचं करकरणं, वरचे पांढरे लाइट, शेजारच्या कोर्टांवरचे आवाज सगळे एकत्र येतात, त्यात दोघांच्या मधे आलेलं शटल कोणी घ्यायचं हे कोणी बोलतच नाही, सगळ्यांना आपोआप कळतं म्हणे. आणि खेळून झाल्यावर चहाला थांबायचं ते खेळापेक्षा जास्त दमवतं. पण मला खेळायचंय हो. खेळलो की त्या रात्री झोप नीट लागते, डोक्यातला गोंगाट कमी होतो.

तर तुमचा कुठला खेळ टिकला, का टिकला, आणि सोबतच्यांना निदान सांगितलंत का? योगा करा, वॉक करा असं कृपया नको, खेळाबद्दलच विचारतोय.

दोरीवरची:
मी दोरीचा मल्लखांब करते, लहानपणापासून. निदान कॉलेजात झालं, म्हणजे मल्लखांब आधी आणि ऑटिझम हे नाव नंतर आलं. दोरीला गाठी नसतात, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरून चढायचं, मग कमरेला मांडीला वेढे घेऊन आसनं करायची. सुरुवातीला कातडी सोलवटते, खोटं नाही सांगत. पण वेढा आवळला की माझे हात कुठे, पाय कुठे हे मला स्पष्ट कळतं. जमिनीवर चालताना दारं टेबलं धडकत असतात मला, दोरीवर तसं काहीच होत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट याला डीप प्रेशर म्हणतात, जड गोधडी अंगावर घेतल्यावर बरं वाटतं ना त्यातलाच प्रकार.

दुसरं म्हणजे संच आधी ठरलेला असतो. यानंतर हे, त्यानंतर ते. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखावं लागत नाही. पुरलेल्या खांबावर पण प्रयत्न केला होता पण त्याला एरंडेल लावतात, तो वास आणि तो चिकटपणा मला सहन होत नाही, तिथेच थांबले. माझ्या एका मैत्रिणीला मात्र तोच खांब आवडतो, ती पण ऑटिस्टिक आहे. त्यामुळे ऑटिझमसाठी अमुक खेळ चांगला असं कोणी ठामपणे सांगितलं तर मी विश्वास ठेवत नाही.

ठाण्याची आई:
मी स्वतः ऑटिस्टिक नाही, मुलगा आहे, तेरा वर्षांचा, कमी बोलतो. पोहतो. आम्ही पोहणं छंद म्हणून सुरू नव्हतं केलं, तो पाणी दिसलं की तिकडे धावायचा आणि या मुलांत बुडण्याचा धोका खरंच जास्त असतो, म्हणून आधी जीव वाचवण्यापुरतं शिकवलं. पाण्याखाली आवाज बंद होतात, सगळीकडून सारखा दाब येतो, तिथे तो जो हसतो तसा घरी पण हसत नाही. त्रास पाण्यात नाहीच, चेंजिंग रूममध्ये आहे. तिथला घुमणारा आवाज, ओली फरशी, टोपीचं रबर. आता घरूनच कपडे घालून नेते आणि टोपी कापडी घेतली.

पहिल्या पूलवर नाही म्हणाले. दुसरीकडे सर मिळाले ते एका वेळी एकच वाक्य बोलतात आणि आधी स्वतः करून दाखवतात. जोर लाव म्हटलं की याला काही समजत नाही, त्या लाल गोळ्यापर्यंत पाय मार म्हटलं की बरोब्बर तिथपर्यंत जातो.

एक मन मोकळं करते. जिया रायचं नाव ऐकलंच असेल, मुंबईची ऑटिस्टिक मुलगी, २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली, २०२४ मध्ये इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत. मला तिचा प्रचंड अभिमान वाटतो, तिच्यामुळे किती पूलवाल्यांनी दारं उघडली असतील. पण नातेवाईक तो व्हिडिओ पाठवतात आणि विचारतात तुमचा कधी? माझा मुलगा एक लॅप पोहून बाहेर येऊन दोन्ही हात हलवत उड्या मारतो. त्याच्यापुरता खेळ तिथे पूर्ण होतो, मेडल कशाला लागतं.

गोलपोस्ट_कोल्हापूर:
वरचं सगळं पटलं पण सांघिक खेळ आपल्यासाठी नाहीत असा सूर लागायला नको म्हणून लिहितोय. मी ऑटिस्टिक आहे आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. भावा, मैदानात सगळ्यात स्वच्छ जागा ती. सगळा खेळ समोर दिसतो, मागून कोणी येत नाही, माझा चौकोन ठरलेला, हात लावायचा हक्क फक्त मला. इंग्लंडची लुसी ब्रॉन्झ डिफेंडर आहे, युरो जिंकलेली, तिने २०२५ मध्ये जाहीर सांगितलं की तिला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असतो ते) आहे, निदान २०२१ चं. म्हणजे एवढ्या वरच्या लेव्हलला पण आपली माणसं आहेत.

सांगण्याबद्दल म्हणशील तर मी निदान नंतर सांगितलं, आधी गरजा सांगितल्या. ग्रुपवर सरळ लिहून टाकलं की आधी नाव घेऊन हाक मारा मग काय ते सांगा, गोल वाचवला तरी मागून मिठी मारू नका, कॉर्नरला कोण कुणावर हे आधी ठरवा. शेवटचं तर सगळ्यांच्याच फायद्याचं निघालं. आमच्याकडे मॅचला पब्लिक किती असतं ते तुला ठाऊक असेल, मी इअरप्लग घालतो, शिट्टी तरी ऐकू येते.

तुझ्या डबल्सचं सांगतो. दोघं उजवे असाल आणि शेजारी शेजारी उभे असाल तर मधलं शटल डावीकडच्याचं, कारण त्याचा फोरहँड मध्ये येतो. हा लिहिलेला नियम नाही पण बहुतेक खेळाडू असंच खेळतात, तुला कोणी सांगितलं नाही एवढंच. आणि शटल घेणाऱ्याने "माझं" असं मोठ्याने ओरडायचं ठरवून घ्या.

सावली७:
घाईत एक माहिती, कारण याबद्दल गैरसमज फार आहे. पॅरालिम्पिकमध्ये ऑटिझमचा वेगळा गट नाही. बौद्धिक अक्षमतेचा आहे, त्या गटाचं नाव ॲथलेटिक्समध्ये टी२० (क्रिकेटचं नव्हे), पोहण्यात एस१४, टेबल टेनिसमध्ये ११. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकला आपल्या धावपटू दीप्ती जीवनजीने ४०० मीटरचं ब्राँझ टी२० मध्येच जिंकलं. ऑटिस्टिक आहात पण बौद्धिक अक्षमता नाही, तर तिथे पात्र ठरत नाही. आमच्या मुलीचं यातच एक वर्ष गेलं धावपळीत, कोणी आधी सांगितलंच नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मात्र ऑटिझम स्पष्ट आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा.

आडवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. डावीकडच्याचं शटल हे मला इतकी वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं, आत्ता पार्टनरला मेसेज केला, तो म्हणाला अरे हो, मी तसंच खेळतो की. सकाळी सहाच्या स्लॉटला एकच कोर्ट चालू असतं असं कळलंय, तिथे सिंगल्सने सुरुवात करतो आणि चहाला थांबणार नाही हे आधीच सांगून टाकतो.

दोरीवरची ताई, चौतिशीत दोरी सुरू करता येते का? पुण्यात मोठ्यांना घेतात का कुठे? आणि पहिल्या दिवशी सरांना काय काय सांगून ठेवू?