पोहे सोडले, तूप धरलं. चुकलं का?

तुकोगंजकर:
इंदुरात राहून पोहे-जिलबी सोडणं सोपं नाही, पण सोडली. फेब्रुवारीत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 8.4 होतं. सहाच्या दोन पोळ्या केल्या, भात बंद, आणि पोट भरायला तूप, पनीर, साय. जूनमध्ये 6.8! टाइप टू डायबिटीसमध्ये खरा चोर कार्ब्स. तुपाला उगाच बदनाम केलंय. दालबाफल्यावर (कणकेचे उकडून भाजलेले गोळे, डाळीबरोबर) तूप चेपलं तरी दोन तासांनी मीटरवर 148. बोला.

रामबागेची सून:
काका, अभिनंदन. पण लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, केलीत? माझ्या सासऱ्यांनी असंच तूप-साय धरली. शुगर उतरली, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 112 वरून 171. डायबिटीसवाल्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त. फॅट खा, पण शेंगदाणे, तीळ, अक्रोड, शेंगदाण्याचं तेल यांतून. तेही मोजून: एका ग्रॅम कार्ब्सच्या 4 कॅलरी, फॅटच्या 9.

तुकोगंजकर:
लिपिड नाही केलं. पण 6 किलो वजन उतरलंय की!

रामबागेची सून:
मग श्रेय वजनाला द्या, तुपाला कशाला? ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. काही महिने लोकांना रोज साधारण 850 कॅलरींचे शेक आणि सूप दिले. वर्षभराने जवळपास निम्म्यांची शुगर गोळ्यांशिवाय काबूत होती. आणि त्या शेकमध्ये 59 टक्के ऊर्जा कार्ब्सची होती, फॅटची फक्त 13.

आडवा तिडवा:
ताई, ते मोजून दिलेले शेक. इथे छप्पन दुकानवर प्लेटभर पोहे, वर शेव, बाजूला जिलबी, उपासाला सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आपल्या ताटात कार्ब्सच फार झालेत. ते कमी केले की जेवणानंतरची शुगर उतरणारच. काकांच्या मुद्द्यात दम आहे. फक्त सायीवरचं प्रेम जरा आवरा.

नमकीनवाला भिया:
आणि शेव कुठे धरायची? बेसनाची आहे म्हणून चालते असं आमच्या घरी ठरलंय.

आडवा तिडवा:
तळलेली आहे, भिया. बेसनात प्रोटीन असलं तरी तेल सुटत नाही. चमचाभर भुरभुरा, वाटीभर नको.

औषधवाली:
काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सांगितलंच नाहीत. ग्लिमेपिराइड घेत असाल आणि भात-पोळी एकदम कमी केलीत, तर शुगर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू होते. डापाग्लिफ्लोझिन असेल तर कार्ब्स साफ बंद करणं आणखी वाईट: शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात धोकादायक आम्ल साचणं, होऊ शकतो. डोस बदलायचा का, हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरं, बाफला. फॅटमुळे पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून शुगरही उशिरा चढते. दोन तासांच्या 148 वर खूश होऊ नका, चार तासांनी मोजा.

तुकोगंजकर (रविवारी रात्री):
ग्लिमेपिराइड चालू आहे. एक-दोनदा संध्याकाळी हात थरथरले होते, मी म्हटलं ऊन लागलं. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय, लिपिडही करतोय.

आज परत बाफला खाल्ला. दोन तासांनी 151, चार तासांनी 208.

पण माझ्या मते हा बाफल्याचा दोष, तुपाचा नाही. पोहे काही परत सुरू होणार नाहीत.

रामबागेची सून:
काका, उद्याचा एलडीएल इथेच टाका. तुपाचं मग बघू.