मदत हवी आहे: कौलांच्या जागी बसवलेली सोलर पॅनेलं फार तापतात, मागची गरम हवा वापरता येईल का?

उतरत्या छतावरची कौलं काढून त्यांच्याच जागी 20 चौरस मीटर पॅनेलं बसवली आहेत. मागे 25 मिमीच्या आडव्या रीपा, त्याखाली पाणरोधक पडदा. सकाळी वीज ठीक, भर उन्हात अपेक्षेपेक्षा कमी. मागची गरम हवा पंख्याने ओढून थंडीत खोल्या उबदार करायच्या आहेत. आधी काय दुरुस्त करावं?

वळचण (मंचावरचा सदस्य): तापणं आणि कमी वीज, दोन्हींचं मूळ एकच, हवेला वाट नाही. वळचणीकडून आढ्याकडे चढणारी हवा प्रत्येक आडव्या रीपेला अडते. पॅनेलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते. त्यापुढे सिलिकॉनचं पॅनेल दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज गमावतं. 70 अंशांवर जवळपास 16 टक्के गेलेच! पॅनेलं उतरवा, वाशांच्या रेषेत 50 मिमीच्या उभ्या रीपा ठोका, आडव्या त्यांच्यावर. वळचणीची फट अखंड ठेवून तिला जाळी लावा, नाहीतर उंदीर केबल कुरतडतात. छत वर उचललं जाईल, तेव्हा कडेच्या पत्र्याच्या पट्ट्या नव्याने बसवा. गळती तिथूनच सुरू होते.

झडप (दुसरा सदस्य): पंख्याचं गणित असं: ताशी 500 घनमीटर हवा 15 अंशांनी तापली की सुमारे 2.5 किलोवॅट उष्णता. पंख्याला टायमर नको. आढ्याखालची हवा खोलीपेक्षा 6 अंश गरम झाली की चालू, फरक 2 वर आला की बंद. पंखा थांबताच मिटणारी झडप मात्र हवीच. निरभ्र रात्री पॅनेल बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं. झडप उघडी राहिली तर खोलीतली दमट हवा वर जाऊन पॅनेलच्या पाठीवर थेंब धरते आणि ते रीपांवर ठिबकत राहतात. वर काही पेटलंच तर धूर खोलीत ओढला जाऊ नये म्हणून पंखा बंद करणारा धूर-सेन्सरही जोडा.

धागाकर्ता: याच हवेवर नळाचं गरम पाणी होईल का?

झडप: थेट नाही, थंडीत हवा कोमटच मिळते. ती हीट पंपाला (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणाऱ्या यंत्राला) पुरवा, त्याची वीज वाचेल.

वळचण: पॅनेलं उतरवाल तेव्हा कनेक्टर बघाच. दोन बनावटींचे नर-मादी वरून घट्ट बसलेले दिसतात, आतला संपर्क ढिला राहून तापतो. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही, आणि शेजारी लाकडी रीप असते. एकाच बनावटीची जोडी नव्याने क्रिंप करा, म्हणजे तारेवर दाबून बसवा. आणि कृपा करून चालू प्रवाहात कनेक्टर ओढू नका: आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच). तरीही ऊन आहे तोवर पॅनेलच्या टोकांना विजेचा दाब (व्होल्टेज) असतोच.